झाड बघितल्याशिवाय

पद्माक्कांनी कुणाच्या शब्दावर कधी काही घेतलं नाही. गवळ्यानं माप पुढं केलं की त्या आधी दुधात बोट बुडवायच्या, थेंब नखावर धरायच्या, तो बसतो की ओघळतो ते बघायच्या आणि मगच पातेलं पुढं करायच्या. दुकानदार 'डाळ यंदाची हाय' म्हणाला की 'असंल की' म्हणून चार दाणे दाताखाली फोडायच्या. टीव्हीवर पाऊस सांगितला तर गच्चीवर जाऊन सदलग्याच्या बाजूचं आभाळ बघून यायच्या. सदलगा त्यांचं माहेर. आभाळसुद्धा तिथलंच खरं बोलतं असा त्यांचा समज होता.

"टीव्हीवाला कुटं गच्चीवर चढलाय मास्तर?" असं वर मलाच विचारायच्या.

मी निपाणीत हायस्कूलला भूगोल शिकवत होतो. आमची आणि त्यांची भिंत एक. रिटायर झाल्यावर माणसाला शेजार जास्त दिसायला लागतो, तसा मला तो घरबसल्या दिसायला लागला. पद्माक्का बुटक्या, अंगानं सडसडीत, चालायच्या भरभर आणि बोलायच्या त्याहून भरभर. राग आला की त्या कानडीत जायच्या. माहेरची भाषा त्यांनी रागासाठी राखून ठेवली होती. गल्लीतली निम्मी माणसं कानडी जाणणारी, तरी त्यांच्या त्या भडिमाराला उत्तर द्यायची कुणाची टाप नव्हती.

फक्त एका माणसाला ही तपासणी लागू नव्हती. त्यांचे यजमान तवनाप्पा. आप्पांनी जन्मभर तंबाखूच्या वखारीत कारकुनी केली. माणूस गोड, गप्पिष्ट, थट्टेखोर. एकदा त्यांनी सांगितलं, की उद्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, पूजा आठाला आहे. पद्माक्का आठाला गेल्या तर पूजा उरकून लोक घरी निघालेले. दुसरी एखादी बाई घरी येऊन नवऱ्याला फैलावर घेती. यांनी तिथल्या पंडितांनाच धरलं. "ह्यांनी आठ सांगितलं म्हंजे आठच हुती. तुमीच अलीकडं घेतलीसा." घरी आप्पा पोट धरून हसले, आणि आपली वेळ चुकली हे त्यांनी बायकोला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तेव्हा मीही हसलो होतो.

आता फळाचं सांगतो. पद्माक्कांचा एक नियम होता, सासूबाईंकडून आलेला. ज्याचं झाड बघितलं नाही ते फळ तोंडात घालायचं नाही. अनोळखी फळ खाऊ नये हे त्यांच्या धर्मात आहेच, पण पुष्कळ लोक ते सोयीनं पाळतात. फळाचं नाव कळलं की ओळख झाली, असं धरून चालतात. पद्माक्कांना नाव पुरत नसे. सफरचंद त्यांनी कितीतरी वर्षं खाल्लं नव्हतं. मग एका यात्रेत हिमाचलापर्यंत जाणं झालं, तिथं त्यांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून झाडाला हात लावला, खोड बघितलं, पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाल्या, "आता हरकत न्हाय." लग्नाच्या पंगतीत किवीची फोड वाढली की त्या हाताचं पान करून ताट झाकायच्या.

त्यांची भाची सुनंदा बेळगावात शहापूरला राहते. पद्माक्कांना लघवीच्या जळजळीचा त्रास होता. सुनंदानं मोबाईलवर कुठंतरी वाचलं, की क्रॅनबेरी म्हणून एक परदेशी फळ त्याला चांगलं. बेळगावच्या एका मोठ्या दुकानातून तिनं बर्फातलं पाकीट आणलं. लालभडक, बोराहून लहान फळं.

"झाड कुटंय?" आक्कांनी विचारलं.

सुनंदानं मोबाईलवर फोटो दाखवला. पाणथळ रान, जमिनीसरपट वेल, त्यात लाल फळं.

"फोटूत तर माझी सासू बी हसतीया," पद्माक्का म्हणाल्या. त्यांच्या सासूबाईंना मी बघितलं होतं. मुद्दा बिनतोड होता.

पण फळं टाकवेनात. त्यांनी एक विळीवर आडवं चिरलं आणि भिंतीवरून मला हाक मारली. "मास्तर, बगा हिकडं. आतनं पोकळ हाय. चार खोल्यांचं घर केलंय बगा." प्रत्येक खोलीत बारीक बारीक, तपकिरी बिया होत्या. त्या त्यांनी सुईच्या टोकानं काढल्या, धुतल्या, फडक्यावर पसरल्या आणि जाहीर केलं, की आता झाड घरात करायचं. झाड बघायचं, मग फळ खायचं.

मी माझं भूगोलाचं कर्तव्य केलं. म्हटलं, "आक्का, हे थंड देशातलं झाड. त्याला आंबट माती लागते, मऊ पाणी लागतं, हिवाळ्यात बर्फ लागतो. निपाणीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात ते येणं शक्य नाही."

"तुमी त्यो देश बघितलाय काय?"

"नाही."

"मग?" असं म्हणून त्या आत गेल्या.

पुढचं सगळं मी भिंतीच्या अलीकडून बघितलं. बियांना आधी थंडी द्यावी लागते असं सुनंदानं फोनवर शोधून सांगितलं, तेव्हा ओल्या वाळूत बिया घालून एक स्टीलची डबी फ्रीजमध्ये गेली. 'आमच्या फ्रीजात वाळू निवतीया आन् दही बाहेर आंबतंय' असं आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पण मातीसाठी बाहेर पडले ते आप्पाच. जांबोटीच्या जंगलातली तांबडी माती आणि कुजलेला पाला चालेल असं कुणीतरी सांगितलं होतं. ऐन पावसात हा माणूस बस बदलत जांबोटीला गेला, परतीची बस चुकली म्हणून दिवसभर कुणाच्या तरी ओसरीवर बसला आणि अंधार पडल्यावर पोतं खांद्यावर घेऊन, पायाला जळवा लागलेल्या, असा घरी आला. आक्कांनी आधी पोतं उघडून मातीतून कुणी जीव तर आले नाहीत ना ते बघितलं आणि मग नवऱ्याच्या पायाला हळद लावली. हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढं आप्पांनी जे केलं त्यामुळं हा माणूस बायकोवर जीव टाकत नव्हता असं कुणाला वाटायला नको.

पाणी पावसाचं. पन्हाळीखाली पिंप लावलेलं. जैनांच्या घरात पिण्याचं पाणी गाळून घेतात हे ठाऊक होतं. पद्माक्का झाडाचंही पाणी गाळायच्या. गाळलेलं फडकं मग पिंपातच हलकेच पिळायच्या, म्हणजे त्यात अडकलेले बारीक जीव आपल्या पाण्यात परत जातील. बोअरचं पाणी मात्र त्या कुंडीजवळ येऊ द्यायच्या नाहीत. उन्हाळ्यात पिंप आटत आलं की स्वतःची चूळ कमी करतील, झाडाचं कमी करणार नाहीत.

आणि झाडं आली. माझ्या नाकावर टिच्चून आली. टाचणीच्या डोक्याएवढी दोन दोन पानं, मग दोऱ्यासारखे वेल. बरीच मेली, काही जगली. आक्का रोज सकाळी कुंडीपुढं बसून एकेक पान उलटं करून बघायच्या. पानावर अळी पडली तेव्हा आप्पांनी वखारीतला जुना उपाय सांगितला, तंबाखूचं पाणी फवारायचा. निपाणीत हा उपाय शेंबडं पोरही सांगेल. "आन् त्यांचे जीव जायाचे ते कुणाच्या खात्यावर?" आक्कांनी विचारलं. मग त्या एकेक अळी पानासकट उचलायच्या आणि भिंतीवरून अलगद आमच्या कढीपत्त्यावर सोडायच्या. आमच्या मंगलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हे पकडल्यावर मोठं भांडण झालं.

"तुमच्या अळ्या आमच्या झाडावर कशापायी?"

"त्यास्नी कुटं म्हाईत हाय झाड कुणाचं ते?" आक्का शांतपणे म्हणाल्या.

मंगल दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाला गेली. पद्माक्कांच्या चहाला नाही म्हणणं गल्लीत कुणालाच जमलं नव्हतं. आलं, गवती चहाची पात, आणि दूध आटेपर्यंत उकळी. स्वतः त्या बशीत ओतून, डोळे मिटून, फुर्रकन आवाज करून प्यायच्या. आप्पा समोर बसायचे. सूर्य वर आल्यावर मागच्या दारी पायरीवर दोघांचा तो चहा चालायचा आणि त्यात कुणी तिसरं गेलेलं आप्पांना खपायचं नाही.

आणि नेमका तोच पद्माक्कांनी सोडला. चातुर्मासात बस्तीत एक माताजी, म्हणजे साध्वी, आल्या होत्या. प्रवचन झालं की त्या बायकांना विचारायच्या, तू काय सोडतेस? बायका हात जोडून नियम घ्यायच्या. कुणी कारलं सोडलं, कुणी दोडका. ज्यांना कारलं मुळात आवडत नव्हतं अशांचीच तिथं गर्दी. पद्माक्कांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "चहा." आणि पुढं म्हणाल्या, "माझ्या क्रॅनबेरीला फळ येस्तवर." माताजींनी क्रॅनबेरी म्हणजे काय ते विचारलं नाही. नियम झाला.

पहिले काही दिवस डोकं फुटायला आलं होतं बाईंचं. तरी चहा करायच्या त्याच. आप्पांना कप द्यायच्या, आम्हाला द्यायच्या, स्वतः पदराला हात पुसत उभ्या राहायच्या. आप्पांना तो चहा घशाखाली उतरेना. हळूहळू ते बसस्टँडजवळच्या हॉटेलात जायला लागले. "तिथं निदान समोर कुणीतरी पितं तरी," ते मला म्हणाले होते. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणखी गेले. वेल कुंडीबाहेर लोंबायला लागले, पण फूल म्हणून काही दिसलं नाही. आक्कांची तक्रार नव्हती. आपण शब्द दिलाय, झाडानं दिलेला नाही, असं त्या म्हणायच्या.

दरम्यान त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सगळं धुरकट दिसायचं. नखावरचा दुधाचा थेंब दिसेना, तेव्हा पहिल्यांदाच त्या दूध न बघता घ्यायला लागल्या. झाडाची पानं बघायचं काम त्यांनी आप्पांवर सोपवलं. सकाळी त्या स्टुलावर बसायच्या आणि आप्पा वाकून एकेक वेल उचलून सांगायचे, "हितं नवीन पान. हितं काय न्हाय." आप्पांचे डोळे तेच आपले डोळे, असं बाईंनी धरलं.

एका दिवाळीनंतर सदलग्याला त्यांच्या भावाचं हाड मोडलं म्हणून त्या माहेरी गेल्या, चांगल्या आठवडाभर. परत आल्या तेव्हा आप्पा दारातच उभे. मी आमच्या ओट्यावर पेपर वाचत होतो.

"आदी हिकडं ये. कुंडीपाशी."

त्यांनी आक्कांचा हात धरून वेलाखाली नेला. आक्कांची बोटं चाचपडत गेली आणि थांबली.

"गळालं की वं हातात!"

"पिकलंय म्हणून गळालं."

"फूल कवा आलतं?"

"आलतं की. पानाआड हुतं. तुला कुटं दिसतंय आता?"

"आन् मला सांगितलं न्हाईसा?"

"नजर लागंल म्हणून गप बसलो."

आक्कांनी फळ डोळ्यांजवळ नेलं, नाकाशी नेलं. आणि मान हलवली. एवढंच. हिमाचलात खोड हाताळल्याशिवाय ज्या बाईनं सफरचंद खाल्लं नाही, तिनं मान हलवली.

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत सगळी गल्ली मागच्या दारी जमली. आक्कांनी मोठं पातेलं चढवलं. एक फळ चिरून चाखलं, तोंड वाकडं केलं, "करवंदाची थोरली भण हाय ही," म्हणाल्या. मग बशीत चहा ओतला. बशी ओठांना लागली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आप्पा समोर बसले होते, त्यांच्याही आलं. मला राहवलं नाही. मी उठून छोटंसं भाषण केलं, की भूगोल हरला, मास्तर हरला, पद्माक्का जिंकल्या; अभ्यासक्रमात निपाणीच्या पिकांत तंबाखूनंतर क्रॅनबेरी लिहावी लागेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुष्कळजण तोंड दाबून हसत होते, मंगल तर पदर तोंडात कोंबून. मला वाटलं, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का न्हाऊन, पूजेचं ताट घेऊन निघाल्या. ताटात तांदूळ, खोबरं आणि चार लाल फळं. आप्पा फाटकापाशी आडवे आले.

"ती कशाला नेतीस? आंबट हाईत. खोबरं हाय की."

"पयलं फळ देवाचं. मी काल तोंडात घातलं तेच चुकलं माझं."

"अगं पण..."

"पण काय?"

आप्पा बाजूला झाले. त्यांचा चेहरा उतरलेला मी बघितला आणि तब्येत बरी नसेल असं समजलो. आज मला वाटतं, त्या फाटकापर्यंत जे झालं होतं ते एका म्हाताऱ्याचं वेडं प्रेम म्हणून सोडून देता आलं असतं. फाटकात त्यांना एक वाक्य बोलायचं होतं, ते ते बोलले नाहीत. आक्का बस्तीत गेल्या, मूर्तीपुढं फळं ठेवली, आणि माझ्या हातची आहेत असं देवाला आणि शेजारच्या बायकांना सांगून आल्या.

थंडी सरताना बेळगावात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर आम्ही बघायला गेलो. आणखी दोनचार शेजारी होते. आक्का काळा चष्मा लावून कॉटवर बसल्या होत्या, सुनंदा सोबतीला आली होती. ती कपबश्या गोळा करता करता आप्पांना सहज म्हणाली, "मामा, त्या टायमाला मी धाडलेली फळं नीट पोचलीवती न्हवं? बर्फ इतळून गाळ झाला असंल म्हणून जिवाला घोर हुता बगा."

सुनंदाला आपण काय बोललो ते कळलं आणि तिनं जीभ चावली.

"कसली फळं गं?" आक्कांनी विचारलं.

आक्कांनी मान आप्पांकडं वळवली. मी वाट बघत होतो, आता कानडीचा लोंढा सुटणार. तो सुटला नाही. त्या सावकाश, मराठीत बोलल्या.

"देवाम्होरं ठेवली ती बी तीच?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

"आन् हे सगळ्यास्नी म्हाईत हुतं?"

आप्पांनी खाली बघितलं. काळा चष्मा एकेकावरून फिरला. कुणी खिडकीबाहेर बघत होतं, कुणी पायाच्या अंगठ्याकडं. मंगल साडीची निरी सारखी करत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं भाषण आठवलं, तोंडात कोंबलेला तो पदर आठवला, आणि कानशिलं तापली.

"मास्तर, तुमास्नी बी?"

"नाही आक्का. शपथ. मला काही ठाऊक नव्हतं."

त्यांनी 'बरं' म्हटलं नाही, 'खोटं' म्हटलं नाही. चष्मा पुढं सरकला. मला इतकं लागलं होतं असं फार थोड्या वेळा झालंय. मी त्या खोलीतला एकटा माणूस, ज्याला त्यांच्याइतकंच फसवलं होतं, आणि तेच मला त्यांना पटवून देता येईना. पटवणार तरी कशावर? त्या दिवशी तिथं कुणाच्याच शब्दाला काही किंमत उरली नव्हती.

"माझ्यासाठी केलासा म्हणताल आता," आक्का आप्पांना म्हणाल्या.

"तुझ्यासाठीच केलं, पद्मा. तुझे हाल बघवंनात."

"चहा मी सोडलावता. मी कवा रडले त्याच्यासाठी? तुमास्नी एकट्यानं जात नव्हता. मग तसं म्हणायचं हुतं. 'पद्मा, मोड नियम, मला एकट्याला जात न्हाय.' मी माताजींच्या पाया पडून मोडला असता." मग म्हणाल्या, "डोळं गेलतं माझं. त्याचा फायदा घेतलासा."

आप्पा रडायला लागले. त्यांना कुणी उगी केलं नाही.

घरी येऊन मी मंगलला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुमच्या पोटात राहतं का काही? तोंडावर दिसलं असतं." मी म्हटलं, "दिसायलाच हवं होतं कुणाच्या तरी तोंडावर." "एका कप चहाचं तर सगळं होतं," ती म्हणाली. "म्हातारीला सुख मिळालं, त्यात काय बिघडलं?" गल्लीत सगळ्यांचंच हे म्हणणं. थट्टा होती, माया होती, आक्का फार ताणतात. मला त्या सगळ्यांचा राग आहे आणि तो गेलेला नाही. चारचौघांनी मिळून एखाद्याला त्याच्या भल्यासाठी फसवायचं, आणि तो दुखावला की त्याचाच स्वभाव काढायचा, ही आपल्याकडची जुनी सोय आहे.

आक्का बस्तीत गेल्या, पंडितांना सगळं सांगून प्रायश्चित्त मागितलं. तुमचा दोष नाही, नुसता जाप करा, असं ते म्हणाले. आक्कांनी जाप केला, वर उपवास केले. चहा पुन्हा सुटला, या वेळी मुदत न घालता. कुंडी मात्र त्यांनी टाकली नाही. "झाडानं काय केलंय?" म्हणाल्या. नवीन डोळ्यांनी त्यांनी सगळे वेल स्वतः तपासले. फुलाची खूण कुठंच नव्हती. पुढंही त्या पिंपातलं पाणी गाळून घालत राहिल्या. फळ आलेलं नाही. भूगोलाप्रमाणं येणारही नाही, पण ते मी आता बोलत नाही.

आप्पांशी त्या भांडल्या नाहीत. अबोला नाही, माहेरी जाणं नाही. जेवायला वाढायच्या, त्यांचे पाय चेपायच्या, सकाळी चहा करून पायरीवर द्यायच्या. बदललं ते एवढंच. आप्पा म्हणाले, 'सिलिंडर आलाय,' तर त्या बाहेर जाऊन हात लावून यायच्या. आप्पा म्हणाले, 'मी गोळी घेतली,' तर गोळ्यांचं पाकीट उलटं करून बघायच्या. आप्पा म्हणाले, 'मास्तरांनी हाक मारली,' तर भिंतीवरून मला विचारायच्या, "मारलीसा?" यात टोमणा नव्हता, कुरापत नव्हती. त्या शांतपणे बघून यायच्या आणि कामाला लागायच्या. सुरुवातीला आप्पा वैतागायचे. मग त्यांनी सांगणंच कमी केलं. एवढा बोलका माणूस, पण आता दिवसभरात त्याचं बोलणं 'हां' आणि 'बरं' एवढ्यावर आलं. गेल्या वर्षी ती दोघं घर भाड्यानं देऊन सदलग्याला भावाशेजारी राहायला गेली. कुंडीही नेली.

जाताना मी बसस्टँडवर पोचवायला गेलो होतो. सामान आधीच टेम्पोनं गेलं होतं, हातात एक पिशवी आणि ती कुंडी. एक बस येऊन लागली. पाटी कानडीत, आप्पांनी मोठ्यानं वाचली. "सदलगा. चल." आक्कांना कानडी त्यांच्याहून चांगलं वाचता येतं आणि डोळेही आता स्वच्छ आहेत. तरी त्या दारापाशी गेल्या आणि कंडक्टरला विचारलं, "सदलग्याचीच न्हवं?" तो "व्हय आक्का" म्हणाला. मग त्यांनी मागं वळून आतल्या माणसालाही विचारलं. आप्पा पिशवी घेऊन मुकाट्यानं मागं उभे होते.

आत गेल्यावर आप्पांनी खिडकीची जागा धरून दिली. "हितं बस, ह्या बाजूला ऊन लागणार न्हाय," ते म्हणाले. पद्माक्का बसल्या नाहीत. कुंडी एका हातात सावरत, दुसरा हात त्यांनी खिडकीतून बाहेर काढला, तळवा वर केला, आणि ऊन लागतंय का ते बघत तशाच उभ्या राहिल्या. बस हलली. मी हात हलवला, पण मला निरोप द्यायला तो हात बाहेर नव्हता.